आधी माया सिद्ध करा!

ज्या पोलिसांनी हजारो माणसे लोखंडी कठड्यांच्या पिंजऱ्यात लोटली, ज्यांच्या बंदोबस्तप्रमुखाने स्वतः दिलेल्या हुकमाचे पाप तासाभराच्या आत मरणाऱ्यांच्या माथी मारले, ज्यांच्या कचेरीत पुढे कनिष्ठांचे जबाब वरिष्ठांच्या सोयीने खरवडून काढले गेले, त्या पोलिसांविरुद्ध दाद मागायला आलेल्या आणि दोन सख्खे भाऊ त्याच मैदानावर गमावून बसलेल्या माणसाला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९१ साली सुनावले की, बाबा रे, तू तिथे होतास हे खरे, पण तुझी तुझ्या भावांवर माया होती, याला पुरावा कुठे आहे? पुरावा नव्हता. दावा फेटाळला.

परमुलखातले हे जुने प्रकरण आज उकरून काढण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारणे दोन आहेत. आमचा अपकृत्यांचा कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या हयगयीने झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा कायदा, इंग्रजांच्या निकालांतून उतरलेला आहे. पुण्यामुंबईच्या विधि महाविद्यालयांत 'अल्कॉक' या नावाने हा निकाल आजही मुलांकडून घोकून घेतला जातो आणि त्यातल्या तीन कसोट्या उत्तरपत्रिकेत उतरवणाऱ्याला गुणही मिळतात. दुसरे कारण असे की हे प्रकरण जुने झालेलेच नाही. ११ जानेवारी २०२४ रोजी लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने त्याच तीन कसोट्यांवर नवा पहारा बसवला. ज्या रोगाची लागण आपल्याला होऊ शकते, त्याची चौकशी परक्याच्या घरी जाऊनही केली पाहिजे.

आधी वस्तुस्थिती. १५ एप्रिल १९८९, शेफिल्ड शहरातले हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातला एफ. ए. कपचा उपांत्य सामना. लेपिंग्ज लेनच्या बाजूच्या मोजक्या फिरत्या फाटकांबाहेर गर्दी तुंबली. दुपारी दोन वाजून बावन्न मिनिटांनी बंदोबस्ताचे प्रमुख, चीफ सुपरिंटेंडेंट डेव्हिड डकनफिल्ड, यांच्या हुकमाने 'सी' हे बाहेर पडण्याचे फाटक आत घेण्यासाठी उघडले गेले. फाटकासमोरचा बोगदा थेट मधल्या दोन कप्प्यांत उतरत होता आणि ते कप्पे आधीच खचाखच भरलेले होते. फाटक उघडायचे तर बोगद्याचे तोंड बंद करून लोकांना बाजूच्या रिकाम्या कप्प्यांकडे वळवायला हवे, एवढी अक्कल त्या नियंत्रणकक्षात कोणाला सुचली नाही. तीनला सुरू झालेला सामना तीन वाजून सहा मिनिटांनी थांबला. तोवर माणसे उभ्या उभ्या गुदमरत होती. बळींचा आकडा अखेरीस ९७ वर गेला, त्यात सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता.

यानंतर जे घडले त्याला हयगय म्हणता येत नाही. डकनफिल्ड यांनी फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्यांना सांगितले की प्रेक्षकांनीच फाटक फोडले. मैदानाच्या व्यायामशाळेत तात्पुरते शवागार उघडले गेले आणि मृतांच्या रक्तात दारू किती आहे, हे तपासण्याचे फर्मान निघाले. त्या दहा वर्षांच्या पोराचेही रक्त तपासले गेले! चौथ्या दिवशी 'सन' या पत्राने पोलिसांनी पुरवलेली गरळ पहिल्या पानावर ओतली आणि मथळा दिला, 'सत्य'. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती टेलर यांनी पोलिसी नियंत्रणाचे अपयश हेच मुख्य कारण असल्याचे स्वच्छ शब्दांत नोंदवले. तरीही लबाडी थांबली नाही. २०१२ साली स्वतंत्र समितीने कागदपत्रे उघडली, तेव्हा पोलिसांचे १६४ जबाब फेरफार केलेले निघाले आणि त्यांतल्या ११६ जबाबांतून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढून टाकलेला आढळला. २०१६ साली मृत्युचौकशीच्या ज्यूरीने हे बळी बेकायदा मनुष्यवधाचे असल्याचा निर्णय दिला. २०१९ साली डकनफिल्ड फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटले. २०२१ साली जबाबांतील फेरफाराचा खटला कोसळला, तो का, तर ते जबाब टेलर यांच्या चौकशीसाठी होते, आणि ती चौकशी म्हणजे न्यायालय नव्हे! चोराच्या उलट्या बोंबा आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. बोंब मारण्याची जागा चुकली म्हणून चोर सुटला, हे मात्र विलायतेतच घडू जाणे.

आता त्या निकालाकडे वळू. मृतांच्या आणि जखमींच्या बाबतीत आपली हयगय झाली, हे साउथ यॉर्कशायरच्या पोलिसप्रमुखांनी दाव्यात मान्य केलेले होते. प्रश्न उरला होता तो मागे राहिलेल्यांचा. कोणी मैदानाच्या दुसऱ्या बाजूस उभे राहून तो गोंधळ पाहिला होता, कोणी घरी दूरचित्रवाणीवर, कोणी रात्री शवागारात. त्यांचे शरीर अभंग होते, मन भंगले होते. आणि मन भंगणे म्हणजे चार दिवसांचे सुतक नव्हे, वैद्यांनी निदान केलेला मनोविकार. सोळा जणांनी दावे लावले. पहिल्या न्यायाधीशांनी दहा जणांचे ग्राह्य धरले, अपील न्यायालयाने त्यांतल्या नऊ जणांचे उडवले, आणि तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे गेलेली दहाच्या दहा अपिले २८ नोव्हेंबर १९९१ रोजी फेटाळली गेली. फेटाळताना विद्वान लॉर्डांनी तीन कसोट्या ठोकून दिल्या. मृताशी प्रेमाचे निकट नाते हवे. घटनेच्या किंवा तिच्या लगेचच्या परिणामांच्या जवळ, स्थळाने आणि काळाने, हजर असायला हवे. आणि जे पाहिले-ऐकले ते स्वतःच्या डोळ्या-कानांनी, मध्ये काही साधन न घेता.

पहिली कसोटी पाहा. आईबाप आणि मुले, नवरा आणि बायको, इतकेच काय वाङ्निश्चय झालेली जोडपी, यांच्यातले प्रेम कायदा गृहीत धरतो. एका आईच्या दुधावर वाढलेल्या भावांचे मात्र गृहीत धरत नाही; ते साक्षीपुराव्याने शाबीत करावे लागते. आमच्याकडेही भावाभावांत बांधावरून कोयते निघतात, वाटणीच्या खटल्यांत तीन-तीन पिढ्या खपतात, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. पण ज्याच्याशी दहा वर्षे बोलणे टाकले त्या भावाच्या तिरडीला खांदा देताना माणसाचे काय होते, हे गावकुसाबाहेरच्या शेंबड्या पोरालाही कळते. ते लॉर्ड ॲक्नर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांना कळले नाही. बरे, हा पुरावा द्यायचा कसा? प्रतिवादी पोलिसांचा वकील उलटतपासणीला उभा राहणार आणि नुकत्याच भावाला मूठमाती देऊन आलेल्या माणसाला विचारणार: शेवटचे पत्र कधी लिहिले होते? वाढदिवसाला काय दिले होते? मागच्या नाताळात भांडण झाले होते, हे खरे ना? ज्याच्या हातून माणूस मेला, तोच मागे राहिलेल्याच्या मायेची झडती घेणार, आणि या झडतीला न्यायप्रक्रिया म्हणायचे!

दुसरी कसोटी आणखी बहारीची. ज्याच्या नावाने हा निकाल ओळखला जातो तो गृहस्थ त्या दिवशी मैदानातच होता. मेहुण्याचा पत्ता लागेना म्हणून त्याने शोध घेतला आणि मध्यरात्रीच्या सुमारास शवागारात मेहुण्याचे प्रेत त्याला ओळखावे लागले. घटनेला साधारण आठ तास उलटले होते. आठ तास म्हणजे लगेचचा परिणाम नव्हे, असे न्यायपीठ म्हणाले. याच न्यायपीठाने १९८२ साली एका आईचा दावा मंजूर केला होता. अपघातानंतर दोनेक तासांनी तिने इस्पितळात नवऱ्याला आणि मुलांना तेला-चिखलाने माखलेले पाहिले होते आणि धाकटी मुलगी गेल्याचे ऐकले होते. तो निकाल योग्यच होता. पण मग दोन तासांनी फुटलेले काळीज खरे आणि आठ तासांनी फुटलेले खोटे, ही सीमा कोणत्या वैद्यकग्रंथात लिहिली आहे? आणि त्या माणसाला मध्यरात्रीपर्यंत तिष्ठत ठेवले कोणी? नातेवाइकांना मृतांच्या छायाचित्रांच्या फलकापुढे उभे करून चेहरे शोधायला लावणारी यंत्रणा पोलिसांचीच होती. विलंब त्यांनी करायचा आणि विलंबाचा फायदाही त्यांनीच घ्यायचा.

तिसरीबद्दल थोडक्यात. मुलगा त्या गर्दीत आहे हे ठाऊक असलेल्या आईबापांनी तो प्रकार घरी बसून, प्रत्यक्ष घडत असताना, पडद्यावर पाहिला. त्यांचे प्रेम कायद्याने गृहीत धरले, पण दावा बुडवला. प्रक्षेपणाच्या नियमांनुसार एकेका माणसाची तडफड दाखवली जात नाही, तेव्हा पडद्यावर पाहणे हे डोळ्यांनी पाहणे नव्हे, असा युक्तिवाद झाला. आपला मुलगा कुठे तडफडत असेल हे पडद्याने दाखवले नाही, म्हणून आईने ते मनात पाहिलेच नाही, असे समजणाऱ्या न्यायबुद्धीला आम्ही दुरूनच नमस्कार करतो.

मेलेल्यांनाही या न्यायाने सोडले नाही, हे वाचकांनी विसरू नये. पुढच्याच वर्षी, १९९२ साली, चेंगरून मेलेल्या दोन बहिणींच्या आईबापांनी मुलींनी मरण्यापूर्वी सोसलेल्या यातनांची भरपाई मागितली, तेव्हा मृत्यू इतका झटकन आला की वेगळी इजा सिद्ध होत नाही, असे सांगून त्यांना परत पाठवले गेले.

आणि मग नियतीने सूड घ्यावा तसा पोलिसांचाच नंबर लागला. त्या दिवशी प्रेते उचलून, छात्या दाबून, तोंडाने श्वास भरून माणसे वाचवण्याची धडपड करणारे साधे शिपाईही मनाने मोडले होते. त्यांनी आपल्याच प्रमुखाविरुद्ध दावे लावले. अपील न्यायालयाने ते मान्य केले. ३ डिसेंबर १९९८ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सने तेही उडवले, आणि देण्यात आलेल्या कारणांतले एक असे की नातेवाइकांना रिकाम्या हाती पाठवून पोलिसांना पैसे दिले तर सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला ते रुचणार नाही! म्हणजे १९९१ साली ज्यांच्या तोंडावर दार आपटले, त्यांच्याच हालअपेष्टा १९९८ साली दुसऱ्याच्या तोंडावर दार आपटण्याचे निमित्त म्हणून वापरल्या. स्वतः केलेला अन्याय हाच पुढच्या अन्यायाचा आधार! सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीची इतकीच चाड होती, तर तिला १९९१ साली विचारायचे होते. तिने एका वाक्यात उत्तर दिले असते, की दोघांनाही द्या.

याच निकालात लॉर्ड स्टेन यांनी या क्षेत्रातला कायदा म्हणजे समर्थन करणे कठीण अशा भेदांची ठिगळे जोडलेली गोधडी आहे, अशा अर्थाची कबुली दिली. लॉर्ड हॉफमन यांनी तर तत्त्वाचा शोध १९९१ सालीच सोडून दिला गेला, असे सांगून टाकले. कबुली देऊन या महाशयांनी काय केले? आणखी एक ठिगळ लावले. आता इथवर, यापुढे नाही, एवढेच काय ते धोरण! गोधडी फाटकी आहे हे ज्याला दिसते, तिच्याखाली माणसे गारठून मरतात हेही ज्याला दिसते, आणि तरी ज्याचा सुईदोरा फक्त भोके मोठी करायला चालतो, त्या कारागिराला आमच्या गावात कोणी दुसऱ्यांदा काम देत नाही.

ठिगळे कशी आहेत, त्याचा आणखी एक मासला द्यायला हवा. १९९५ साली याच लॉर्डांनी एका मोटारचालकाचा दावा तत्त्वतः मान्य केला. किरकोळ टक्कर, अंगावर ओरखडाही नाही, पण जुने दुखणे मानसिक धक्क्याने उलटले, असे त्याचे म्हणणे होते. आम्हांला त्या चालकाचा हेवा नाही, त्याला न्याय मिळाला याचे समाधानच आहे. पण टकरीत शरीराला इजा होऊ शकली असती, एवढ्या एका 'असती'वर तो 'प्राथमिक पीडित' ठरतो आणि त्याला प्रेमाचा पुरावा, आठ तास, पडदा यांपैकी काही विचारले जात नाही; उलट ज्याचे दोन भाऊ मेले तो 'दुय्यम पीडित'. दुय्यम! सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात नाव चढवावे तसे.

हे असे का होते, याचे उत्तर मनोविज्ञानाच्या पुस्तकांत शोधणाऱ्याची फसगत होईल. ते तिजोरीत आहे. १८८८ साली व्हिक्टोरियातल्या एका रेल्वे फाटकावरचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. हीच प्रिव्ही कौन्सिल त्या काळी आमच्याही दिवाणी भांडणांचे अखेरचे न्यायालय होती. फाटकवाल्याच्या हयगयीने घोडागाडी रुळांवर असताना आगगाडी अंगावर आली, टक्कर थोडक्यात हुकली, पण गाडीतली गर्भवती स्त्री भीतीने आजारी पडली. दावा बुडाला. अशा दाव्यांना वाट दिली तर काल्पनिक दाव्यांचे पेव फुटेल, ही भीती तिथे पहिल्यांदा अधिकृतपणे बोलली गेली. १९०१ साली घोड्यांची गाडी दारूच्या दुकानात घुसल्याने हादरलेल्या गर्भवती नोकरस्त्रीला दावा लावण्याचा हक्क मिळाला, तोही भीती स्वतःच्याच जिवाची हवी या अटीवर. लेकरासाठी जीव उडालेल्या आईला १९२५पर्यंत थांबावे लागले. प्रत्येक वेळी तेच पालुपद: दरवाजे उघडले तर पूर येईल. सव्वाशेहून अधिक वर्षे हा पूर येतो आहे आणि अजून नदीला पाणी नाही!

ऑस्ट्रेलियाकडे पाहा. पश्चिमेकडच्या ओसाड मुलखात गुरांच्या मळ्यावर कामाला गेलेला सोळा वर्षांचा मुलगा एकटा ठेवला गेला, नाहीसा झाला आणि मेला. आईबाप हजारो किलोमीटर दूर होते. मुलगा हरवल्याचे त्यांना दूरध्वनीवर कळले, सांगाडा महिन्यांनी सापडला. डोळ्यांनी काही पाहिले नाही, जवळ कोणी नव्हते, अचानक असे काही घडले नाही. इंग्लंडात हा दावा पहिल्या पायरीवरच घसरला असता. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००२ साली त्या आईबापांच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर न्यू साउथ वेल्सने कायद्याने काही बंधने घातली, पण निकटच्या नातलगाने घटना पाहिलीच पाहिजे ही अट त्यात नाही, आणि निकटच्या नातलगांत भाऊ-बहीण आहेत. सिडनी पुरात वाहून गेल्याची वार्ता आमच्यापर्यंत आलेली नाही.

खरे पाहता पूर अडवणारे बांध आधीपासूनच पक्के आहेत. दुःख म्हणजे दावा नव्हे. वैद्यांनी मान्य केलेला विकार दाखवावा लागतो. समोरच्याची हयगय दाखवावी लागते. त्या हयगयीनेच विकार झाला, हे दाखवावे लागते. यांतला एकेक बांध ओलांडताना माणसाची दमछाक होते. त्यापुढचे प्रेम, अंतर आणि डोळे हे तीन बांध खोट्या दावेदाराला अडवत नाहीत, कारण खोटे बोलणारा मैदानावर हजर होतो म्हणूनही खोटे बोलेल. ते अडवतात खऱ्यालाच. भरपाई देणारे कोण असतात? पोलीसदल, रुग्णालये, मालक आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या विमा कंपन्या. या मंडळींचा हिशेब आटोपशीर राहावा म्हणून शोकाला फूटपट्टी लावली, असे लॉर्डांनी सरळ लिहिले असते, तर आम्ही त्यांना निर्दय म्हटले असते, पण ढोंगी म्हटले नसते.

या गोधडीचे ताजे ठिगळ २०२४चे, 'पॉल' या नावाने ओळखले जाणारे. तीन प्रकरणे एकत्र आली होती. एका माणसाला रुग्णालयाने तपासले, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा रोग ओळखला नाही, असा आरोप होता. चौदा महिन्यांनी बाजारात निघालेला तो बाप बारा आणि नऊ वर्षांच्या दोन मुलींसमोर रस्त्यावर कोसळला आणि मेला. दुसऱ्या प्रकरणात सात वर्षांची मुलगी आईबापांच्या देखत गेली. तिसऱ्यात आईला तरुण लेकीचे प्रेत घरी सापडले. डॉक्टरांची चूक झाली, मुली आणि आईबाप मनाने आजारी पडले, हे सगळे वादापुरते खरे मानून न्यायालयाने विचार केला, आणि तरी दावे मुळातच टिकत नाहीत असे ठरवले. का? तर आजाराने आलेला मृत्यू हा 'अपघात' नव्हे. डॉक्टरची जबाबदारी रोग्यापुरती. त्याच्या नातलगांना मृत्यूच्या दर्शनापासून वाचवण्याची जबाबदारी त्याने घेतलेली नसते. आप्तांना रोगाने मरताना पाहणे हा मानवी जीवनाचा भागच आहे, अशा आशयाचे प्रवचनही झाले.

जीवनाचा भाग! म्हातारपणाने, असाध्य रोगाने आलेले मरण जीवनाचा भाग आहे, हे सांगायला न्यायासनाची गरज नाही; आमचे वारकरी ते रोज गातात. प्रश्न त्या मरणाचा होता जे डॉक्टरने वेळीच पाहिले असते तर टळले असते. त्याच बापाच्या डोक्यात रुग्णालयाच्या छताचा तुकडा पडला असता, तर तो अपघात ठरला असता आणि त्या दोन मुलींना न्यायालयाचे दार उघडे असते. छत सांभाळण्यात झालेली कसूर अपघात, आणि रक्तवाहिनी तपासण्यात झालेली कसूर प्रारब्ध! नऊ वर्षांच्या मुलीला हा फरक समजावून सांगायला त्या सहा न्यायमूर्तींपैकी कोणी पुढे येईल काय? डॉक्टर नातलगांच्या भीतीने मरणासन्न रोग्याजवळ कोणाला बसू देणार नाहीत, असेही एक भय दाखवले गेले. रोग्याला नीट तपासले की त्या भयाचे कारणच उरत नाही, हे लक्षात घेण्याइतका वेळ कोणी काढला नाही. सातवे न्यायमूर्ती, लॉर्ड बरोज, यांनी भिन्नमत दिले. दावे चालू द्यावेत, असे त्यांनी लिहिले. एकाने तरी लाज राखली.

बहुमताच्या पदरात एक गोष्ट घालायला हवी, नाहीतर आम्हीही त्यांच्यासारखेच ठरू. अपघाताच्या दाव्यांत 'अचानक बसलेला धक्का' हवा आणि घटना 'भयानक' हवी, या दोन जुन्या अटी त्यांनी मोडीत काढल्या. म्हणजे डोळे उघडतात हे सिद्ध झाले. मग जिथे ते उघडायला हवे होते तिथे मिटले, हा दोष दुप्पट झाला.

आणि मागे उरलेल्यांसाठी शोकभरपाई म्हणून इंग्लंडच्या कायद्यात काय आहे? १९७६च्या कायद्याखालची एक ठरावीक रक्कम. ती मिळते जोडीदाराला, आणि अविवाहित अल्पवयीन मुलाच्या आईबापांना. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबापांचा शोक कायद्याने संपतो. भावाबहिणींना काही नाही. आणि बाप गेल्याबद्दल मुलांना? काही नाही. हिल्सबरोच्या वेळी ही रक्कम साडेतीन हजार पौंड होती. 

आता मुख्य ढोंगाकडे. इंग्लंडच्या कायदा आयोगाने १९९८ साली या विषयावर सविस्तर अहवाल दिला आणि सांगितले की निकटच्या नात्यात जवळ असण्याची आणि स्वतः पाहण्याची अट काढून टाका, भावंडांचे प्रेम गृहीत धरा. त्याच वर्षी लॉर्डांनी पोलिसांचे दावे उडवताना म्हटले, सुधारणा हे संसदेचे काम. सरकारने अकरा वर्षे त्यावर घालवली आणि २००९ साली कळवले की हा विकास न्यायालयांनी करणे बरे. २०२४ साली न्यायालयाने पुन्हा हात झटकले आणि या वाटेने पुढे जायला नकार दिला. न्यायालय संसदेकडे बोट दाखवते, सरकार न्यायालयाकडे, आणि दोघांच्या मध्ये रस्त्यावर बापाचे प्रेत पाहिलेल्या दोन मुली उभ्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये हिल्सबरोच्या नावाने मोठ्या गाजावाजाने विधेयक मांडले गेले. सरकारी नोकरांनी चौकशीत खरे बोलावे, हे त्याचे सार. खरे बोलायला कायदा करावा लागतो, हीच त्या राज्याची बेअब्रू. आणि भावाला प्रेम सिद्ध करायला लावणारी ती कसोटी मात्र त्या गाजावाजात जागची हललेली नाही.

आमच्या घरातही सगळे आलबेल आहे, असे आमचे म्हणणे नाही. उपहार चित्रपटगृहाच्या आगीत १९९७ साली ५९ माणसे गेली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने वीस वर्षांवरील मृतांसाठीची भरपाई अठरा लाखांवरून दहा लाखांवर आणली, हे आम्ही विसरलेलो नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसे चिरडली गेली. मदतीची घोषणा झाली ती मृत आणि जखमी या रकान्यांत, आणि त्या जिन्यावरून धडधाकट अंगाने, पण मोडलेल्या मनाने घरी गेलेल्यांसाठी रकानाच नव्हता. तरीही एक निकाल आमच्या गाठीशी आहे. दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयात परिचारिकेने विषमज्वराच्या मुलाला भलतेच इंजेक्शन टोचले आणि मूल कायमचे निश्चेष्ट झाले. मार्च १९९८ मध्ये आमच्या सर्वोच्च न्यायालयाने 'स्प्रिंग मेडोज' निकालात मुलासाठी साडेबारा लाख आणि आईबापांच्या मनस्तापासाठी स्वतंत्र पाच लाख रुपये कायम केले. ग्राहक संरक्षण कायद्याखाली आईबापही ग्राहकच आहेत, असे ठणकावून सांगितले. अपघात होता की आजार, छत पडले की सुई टोचली, हे विचारले नाही. लॉर्ड मंडळी लंडनमध्ये आपले ठिगळ लावण्याच्या आठेक महिने आधीची ही गोष्ट.

उद्या मुंबई उच्च न्यायालयात एखाद्या महापालिकेचा, रेल्वेचा किंवा रुग्णालयाचा वकील काळा डगला सावरत उभा राहील आणि मनाने उद्ध्वस्त झालेल्या बहिणीपुढे 'अल्कॉक'च्या तीन कसोट्या आणि २०२४चा 'पॉल' निकाल वाचू लागेल. तो येईलच, त्याची फी चालू झालेली आहे. त्या वेळी समोरच्या वकिलाने मार्च १९९८चा आपला निकाल पुढे करावा, बरोज यांचे भिन्नमत शब्दशः वाचून दाखवावे आणि १९९८च्या कायदा आयोगाच्या अहवालाची प्रत न्यायासनापुढे ठेवावी. लंडनच्या सरकारने ती अकरा वर्षे चाळली आणि बाजूला ठेवली. इथल्या न्यायमूर्तींना ती वाचायला एक दुपार पुरेल.